बारा जणांचा वर्ग आणि मिनिटाला दोनशे म्यूऑन

दर जूनमध्ये मला लातूर, नांदेड, परभणीकडून फोन येतात. बोलणारे बहुतेक वेळा पालक असतात. मूल शेजारी बसून ऐकत असतं. लेकराला फिजिक्सच घ्यायचंय, नीट-जेईई नको म्हणतंय, आणि कुणीतरी माझा नंबर दिलेला असतो. "पाच वर्षं तिथं नेमकं करतात काय?" हा मी शिकले त्या केंद्राबद्दलचा त्यांचा प्रश्न. फोनवर मी जे काही सांगते त्यानं माझंच समाधान होत नाही, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

मी शिकले ते मुंबई विद्यापीठाच्या कालिना परिसरातल्या सीईबीएसमध्ये, म्हणजे मूलभूत विज्ञानाच्या उत्कृष्टता केंद्रात. मुंबई विद्यापीठ आणि अणुऊर्जा विभाग यांनी मिळून ते २००७ मध्ये सुरू केलं. बारावीनंतर थेट पाच वर्षांची एकात्मिक एमएस्सी. प्रवेश 'नेस्ट' या परीक्षेतून. भुवनेश्वरच्या नायसर या विज्ञानसंस्थेलाही हीच परीक्षा लागते. माझ्या वेळी भौतिक, रसायन, जीव आणि गणित या चारपैकी ज्या तीन विषयांत चांगले गुण पडतील ते धरत. आता देणाऱ्यांनी त्या वर्षीचं माहितीपत्रक नीट वाचावं, नियम बदलत असतात.

पैशाचं आधी सांगून टाकते, कारण फोनवर तो प्रश्न संकोचानं शेवटी येतो. आमच्या वेळी 'इन्स्पायर' किंवा 'दिशा' या योजनांतून वर्षाला ६०,००० रुपये शिष्यवृत्ती आणि उन्हाळी प्रकल्पासाठी वेगळे २०,००० मिळत. माझे बाबा एसटीच्या आगारात मेकॅनिक. या शिष्यवृत्तीशिवाय मी मुंबईत पाच वर्षं राहू शकले नसते.

दहावीपर्यंत मी मराठी माध्यमात होते. अकरावी-बारावीला लातुरात क्लास लावला, तिथं एका हॉलमध्ये शंभराच्या वर मुलं आणि सर माइकवर. गणितं सोडवण्याचा वेग मला त्या हॉलनं दिला आणि त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. पण एवढ्या मुलांत प्रश्नाला जागा कशी असणार? शंका आली की वहीच्या मागच्या पानावर लिहायची आणि पुढं जायचं. माझी ती मागची पानं भरून गेली होती.

सीईबीएसमध्ये पहिलं वर्ष सगळ्यांना सारखं असतं. भौतिकशास्त्र करायला आलेल्यानं जीवशास्त्रही शिकायचं आणि जीवशास्त्र करायला आलेल्यानं कलनही. तेव्हा मला ते वेळ खाणारं वाटायचं. पुढं आकडेवारी हाताळताना मात्र जीवशास्त्राच्या मॅडमनी शिकवलेलं नमुना निवडीचं प्रकरणच कामी आलं. दुसऱ्या वर्षी शाखा वेगळ्या झाल्या आणि भौतिकशास्त्राच्या वर्गात आम्ही बारा जण उरलो.

बारा जणांच्या वर्गात शिकणं म्हणजे काय, ते एका तासावरून सांगते. अभिजात यामिकी, म्हणजे वस्तूंच्या गतीचं शास्त्र, चालली होती. सरांनी फळ्यावर एक उभं वर्तुळाकार कडं काढलं, त्यावर सरकणारा एक मणी, आणि ते कडं उभ्या अक्षाभोवती ठरलेल्या वेगानं फिरतंय. घर्षण नाही. विचारलं, मण्याची ऊर्जा टिकून राहते का? अर्धा वर्ग हो म्हणाला, अर्धा नाही. सर फळ्याजवळून बाजूला झाले आणि खुर्ची ओढून आमच्यात येऊन बसले. "हो म्हणणाऱ्यांनी सांगा, कशावरून? नाही म्हणणाऱ्यांनीही सांगा, कशावरून?" घर्षण नाही म्हणून टिकते, असं एक जण म्हणाला. मग कड्याचा वेग कायम कोण ठेवतं, असं दुसरीनं विचारलं. मोटार. मग मणी खालून वर सरकला की मोटारीला जास्त जोर लावावा लागेल की नाही? लागेल, कारण मणी अक्षापासून लांब जातो. म्हणजे मोटार मण्यावर कार्य करते. पण फळ्यावर मांडलेल्या समीकरणातून एक राशी कायम राहताना तर दिसत होती! मग ती राशी कुठली? तास संपला, पुढच्या तासाचे सर दारात येऊन उभे राहिले आणि तेही ऐकत बसले. ती राशी टिकते, पण ती ऊर्जा नव्हे, इतकं आमचं आम्हाला कळायला दोन तास गेले. माइकवरून ते दोन मिनिटांत सांगता आलं असतं. पण आजही कुठलीही राशी 'टिकते' असं लिहिताना माझा हात थांबतो, तो त्या दुपारमुळे.

शिकवायला टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था), बीएआरसी (भाभा अणुसंशोधन केंद्र) अशा संस्थांतले शास्त्रज्ञ येत, काही निवृत्त झालेले. सौरभौतिकीतले मोठे नाव असलेले शशिकुमार चित्रे सरही निवृत्तीनंतर या केंद्राशी जोडलेले होते. २०२१ मध्ये ते गेले. ज्यांनी आयुष्यभर एखादी गोष्ट मोजली आहे तो माणूस तीच गोष्ट शिकवतो तेव्हा पुस्तकात नसलेलं बरंच काही त्याच्या बोलण्यात येतं. कोणतं उपकरण पावसाळ्यात रुसतं, कोणता आलेख पाहून पहिल्यांदा विश्वास बसला नव्हता, असं सगळं.

भाषेचं म्हणाल तर पहिलं सत्र जड गेलं. संवेग, जडत्व, त्वरण हे शब्द माझ्या अंगात भिनलेले, इंग्रजीत विचार करून बोलायला वेळ लागे. पण बारा जणांत थांबून ऐकायला वेळ असतो. एका मॅडमनी तर सरळ सांगितलं, आधी मराठीत सांग, मग आपण दोघी मिळून ते इंग्रजीत मांडू. मराठी माध्यमातून येणाऱ्या मुलांना मी हे मुद्दाम सांगते. ती अडचण खरी आहे, पण ती वर्षभरात मागं पडते.

छोट्या वर्गाचं ओझंही असतं, तेही लपवायला नको. गैरहजर राहिलं की लगेच दिसतं. गृहपाठ झालेला नाही हे कुणी न सांगता कळतं. शेजारचा आपल्यापेक्षा खूप पुढं असेल तर त्याच्याशी रोज तुलना होते, गर्दीत हरवून जाण्याची सोय नाही. आमच्यातल्या एकीला पहिले काही महिने याचा इतका ताण आला की ती घरी परत जायचं म्हणत होती. राहिली, कारण आम्ही रात्री एकत्र अभ्यासाला बसू लागलो. ज्या मुलाला एकट्यानंच अभ्यास करायची सवय आहे, त्यानं याचा आधी विचार करावा.

आता संशोधनाचं. पालकांना हा शब्द ऐकला की मोठमोठी यंत्रं आणि पांढरे कोट दिसतात. माझा पहिला प्रकल्प काळ्या टेपमध्ये गुंडाळलेल्या दोन प्लास्टिकच्या चौकोनी पाट्यांचा होता.

अवकाशातून येणारे विश्वकिरण वातावरणाच्या वरच्या थरातल्या हवेवर आदळतात आणि त्यातून म्यूऑन नावाचे कण तयार होतात. समुद्रसपाटीवर दर चौरस सेंटिमीटरमधून मिनिटाला साधारण एक म्यूऑन जातो. हे वाचताय तेव्हाही ते तुमच्या अंगातून जात आहेत. जागच्या जागी थांबलेला म्यूऑन सरासरी २.२ मायक्रोसेकंदच जगतो. तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा ६६० मीटर जाईल, आणि म्यूऑन तर जन्मतो साधारण पंधरा किलोमीटर उंचीवर. मग तो कालिन्यातल्या टेबलापर्यंत पोचतो कसा? वेगानं जाणाऱ्याचं घड्याळ आपल्या दृष्टीनं मंद चालतं, म्हणून. अशा कणांचा क्षय हा सापेक्षतेतल्या या परिणामाचा थेट पुरावा ठरेल, हे होमी भाभांनी १९३८ मध्येच लिहून ठेवलं होतं. ज्या विभागाची घडी भाभांनी बसवली, त्याच विभागाच्या केंद्रात बसून मी ते कण मोजणार होते. मला याचं फार अप्रूप होतं आणि अजून आहे.

पाट्या होत्या सिंटिलेटरच्या, वीस सेंटिमीटर लांब, तेवढ्याच रुंद. म्यूऑन आरपार गेला की त्यात अगदी मंद उजेड चमकतो, आणि पाटीला चिकटवलेली फोटोमल्टिप्लायर नळी त्या उजेडाची विजेची पल्स, म्हणजे क्षणभराचा ठोका, करते. दोन पाट्या एकावर एक, मध्ये थोडं अंतर. दोन्हींत एकाच वेळी पल्स आली तरच मोजायचं. एका पाटीत नळीच्या आतला गोंगाट आणि भिंतीतल्या किरणोत्सारी अणूंचे गॅमा किरण यांच्याही पल्सा येतात. दोन्हींत शंभर नॅनोसेकंदांच्या आत एकदम आली, तर मात्र काहीतरी दोन्हींतून आरपार गेलं असण्याची शक्यता फार मोठी.

"शक्यता फार मोठी म्हणजे किती?" गाइड सरांनी विचारलं. काढा. प्रत्येक पाटीत सेकंदाला शंभर पल्सा असतील तर निव्वळ योगायोगानं जुळणारी जोडी साधारण आठ मिनिटांत एक येते. आमची मोजणी मिनिटाला दोनशेच्या आसपास होती. म्हणजे योगायोगाचा वाटा हजारात एकाहूनही कमी. हा हिशेब होईपर्यंत सरांनी आम्हाला पुढं जाऊ दिलं नाही. त्याआधी तर यंत्राला संगणक जोडूच दिला नव्हता. मोजणी हातानं वहीत उतरवून घ्यायची, आणि प्रत्येक मिनिटाचा आकडा वेगळा का येतो याचा आलेख काढायचा. दोनशेच्या मोजणीत चौदाचा चढउतार नैसर्गिक आहे, दोनशेचं वर्गमूळ तेवढंच येतं, हे पुस्तकात वाचलं होतं. पेन्सिलीनं ठिपके टाकताना ते हाताला कळलं.

प्रकाश आत शिरू नये म्हणून पाट्या गुंडाळण्यात बरेच दिवस गेले. टेपचा एक कोपरा सुटला असेल तर मोजणी आभाळाला भिडते. खोलीत अंधार करायचा, टॉर्च पाटीच्या कडेनं हळूहळू फिरवायचा आणि पल्सा पडद्यावर दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपवर नजर ठेवायची. बाबांना हे फोनवर सांगितलं तेव्हा ते खूश झाले. ट्यूबचं पंक्चर पाण्यात धरून शोधतात तसंच की, म्हणाले. अगदी तसंच.

मग आम्हाला एक प्रश्न सुचला. मुंबईत हवेचा दाब रोज दोनदा वर आणि दोनदा खाली जातो. सकाळ-रात्री दहाच्या सुमारास जास्त, पहाट-दुपार चारच्या सुमारास कमी, फरक जेमतेम तीन-चार हेक्टापास्कलचा. उष्ण कटिबंधात ही लय फार स्पष्ट असते. दाब जास्त म्हणजे डोक्यावर हवा जास्त, म्हणजे खाली पोचणारे म्यूऑन कमी. दर हेक्टापास्कलला घट हजारात एक-दीड एवढीच. आपल्या टेबलावरच्या पाट्यांना ती दिसेल का? एका तासात बारा हजार कण मोजले तर त्यातच शेकडा एकाच्या जवळपास अनिश्चितता. म्हणून महिनाभर मोजायचं आणि रोजचे तेच तेच तास एकमेकांवर रचायचे, असं ठरलं. तसं केलं की प्रत्येक तासाच्या वाट्याला साडेतीन लाखांच्या वर कण येतात आणि अनिश्चितता हजारात दोनाच्याही खाली उतरते.

महिन्यानं आलेख काढला तर त्यात लाट होती, पण भलतीच. दिवसा मोजणी जास्त, संध्याकाळनंतर कमी, आणि फरक शेकडा दोनाचा. हवेच्या दाबानं एवढं होऊच शकत नाही. आठवड्याच्या बैठकीत आम्ही तो आलेख भिंतीवर टाकला. सूर्यामुळे असेल का, यंत्रातल्या विजेमुळे असेल का, अशी बरीच चर्चा झाली. तेव्हा माझ्या जोडीदारानं वारांनुसार आकडे वेगळे केले. रविवारी लाट नव्हतीच! विश्वकिरणांना रविवार कळत नाही. प्रयोगशाळेतल्या एसीला कळतो. कामाच्या दिवशी तो सकाळी लागे आणि संध्याकाळी बंद होई. खोली तापली की फोटोमल्टिप्लायरची वर्धनक्षमता, म्हणजे पल्स मोठी करण्याची ताकद, थोडी घटते, मोजण्याच्या मर्यादेच्या काठावरच्या छोट्या पल्सा मोजणीतून गळतात, आणि आकडा खाली येतो.

मला वाटतं, त्या दिवशी मी भौतिकशास्त्रज्ञ व्हायला सुरुवात केली. जे शोधत होतो ते सापडलं नव्हतं, पण जे सापडलं त्याचं कारण आम्ही बोट ठेवून दाखवू शकत होतो. पाटीशेजारी तापमापक ठेवला. नळीचा विद्युतदाब थोडा थोडा वाढवत मोजणी घेतली आणि आलेख जिथं सपाट होतो, म्हणजे वर्धनक्षमता थोडी हलली तरी आकडा हलत नाही, तिथं तो नेऊन ठेवला. हे काम कंटाळवाणं आहे, आणि सगळ्या प्रकल्पात सर्वांत मोलाचं तेच. नव्यानं महिनाभर मोजल्यावर दोन टक्क्यांची लाट गेली आणि तिच्याखाली दडलेली बारा तासांची बारीक लाट वर आली. सकाळी दहाला खड्डा, दुपारी चारला उंचवटा. वायुदाबाच्या बरोबर उलट.

जगाला यात नवीन काहीच नाही, हा परिणाम कित्येक दशकांपूर्वी मोजून झालाय. पण पदवीच्या वयात मुलांनी संशोधन करायचं ते कशासाठी, असं कुणी विचारलं तर मी हा रविवारचा आलेख दाखवते. ठरलेल्या प्रयोगात उत्तर जर्नलमध्ये आधीच लिहिलेलं असतं. ते आलं नाही तर पोरं आकडे जुळवून आणतात. इथं जुळवायला काही नव्हतंच. आपलं आपण ठरवायचं होतं की हा आकडा कशाचा आहे.

पुढच्या उन्हाळ्यात उटीला गेले. तिथं टीआयएफआरची विश्वकिरण प्रयोगशाळा आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे २२०० मीटर उंचीवर, आणि तिचा ग्रेप्स-३ हा प्रयोग. आमच्या दोन पाट्या दिवसाला तीन लाखांच्या आसपास म्यूऑन मोजत. तिथला ५६० चौरस मीटरचा शोधक दिवसाला चारशे कोटी मोजतो. मोजणी एवढी अफाट असली की हजारातला एक तर सोडाच, लाखातला फरकही दिसू लागतो. १ डिसेंबर २०१४ ला उटीवर आलेल्या वादळी ढगामुळे तिथली म्यूऑनची मोजणी अठरा मिनिटं शेकडा दोनाच्या आसपास घटली होती. त्यावरून ढगातलं विद्युत विभवांतर १.३ अब्ज व्होल्ट असल्याचं त्या गटानं काढलं आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध केलं. ढगात कुणी तार सोडली नव्हती. खाली येणारे कण मोजून वरच्या ढगाची वीज मोजली! मला तिथं दिलेलं काम लहान होतं, काही शोधकांचा तापमान-दाबाचा हिशेब तपासायचा. पण काय तपासायचं आणि का, हे मला पहिल्या दिवसापासून कळत होतं. काळ्या टेपनं तेवढं शिकवलं होतं.

शेवटच्या वर्षातला मोठा प्रकल्प बराचसा संगणकावर झाला, म्यूऑन काँक्रीटच्या छतातून जाताना किती वळतो याची सादृश्यं, म्हणजे सिम्युलेशन. त्याबद्दल इथं फार लिहीत नाही. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पाऊणएक तास विचारलं, ते बहुतेक सगळं अनिश्चिततेबद्दल होतं.

"याला पुढं काय?" हा बाबांचा प्रश्न, आणि प्रत्येक पालकाचा. आमच्या बारांपैकी बरेच जण पीएचडीला गेले, काही देशात, काही बाहेर. मीही सध्या तेच करते. एक जण महाविद्यालयात शिकवतो, एकीनं आकडेवारीच्या कामाची नोकरी धरली आणि ती तिथं समाधानी आहे. पाच वर्षांनी लगेच मोठा पगार हवा असेल, तर हा रस्ता लांबचा आहे. घरची परिस्थिती तशी असेल तर तसं स्पष्ट बोलून मगच ठरवा. मुलाची हुशारी ही यात दुय्यम गोष्ट आहे. न सुटलेल्या प्रश्नासोबत आठवडेच्या आठवडे राहता येतं का, ते बघा.

त्या दोन पाट्यांवर आता पुढच्या तुकडीतली मुलं काम करतात. त्यांनी पावसाळ्याचा प्रश्न घेतलाय. जूनमध्ये मुंबईवरचा वायुदाब हिवाळ्यापेक्षा बराच खाली येतो, त्या हिशेबानं म्यूऑन वाढायला हवेत. पण वरची हवा तापून फुगली तर म्यूऑन जास्त उंचीवर जन्मतात, वाटेत जास्त संख्येनं क्षय पावतात, आणि मोजणी उलट घटते. कोणता परिणाम किती, हे वेगळं करायचं तर उंचावरचं तापमान हवं. ते शोधायला त्यांना लांब जावं लागलं नाही. हवामान खात्याची सांताक्रूझची वेधशाळा जवळच आहे आणि तिथून सोडलेल्या फुग्यांची नोंद मिळते. गेल्या आठवड्यात त्यांनी मला पहिला आलेख पाठवला, वर फुग्यांचं तापमान, खाली मोजणी. मी उलट विचारलंय की पाटीशेजारचा तापमापक त्या दिवसांत चालू होता का, आणि एसीच्या वेळा कुणी लिहून ठेवल्यात का.